रेघ तुटते ती जागा

३ जानेवारी
काम मिळालं! तेही गळा चालवायचं! ताईने बोलावून घेतलं — "किती उंडारणार अजून? ये माझ्याकडे" — आणि आलो तर हे. भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. मी माइकपुढे लांब 'आ' करायचा, खालून वर. कॉम्प्युटरवर हिरवी रेघ सुराबरोबर तिथल्या तिथे चढते. अगदी पाठलाग करते! हा प्रोग्रॅम तिथल्या इंजिनिअर बाईंनी लिहिलाय, तो तपासायला माझा गळा. त्या दोन्ही पायांत वेगवेगळे मोजे घालतात. का? विचारायचं राहिलं.

५ जानेवारी
रेघ पडली. चढता चढता एकदम धपकन खाली. पुन्हा केलं — तिथेच! बाई म्हणाल्या, "पाणी पी." प्यायलो. तिथेच.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. लिलाव पुकारायचे, अख्खा बाजार ऐकायचा. आधी आवाज फाटला. मग घशात गाठ निघाली. मग बाबाच गेले.

७ जानेवारी
घसा चाचपतोय. चहा गिळताना टोचतं. की नाही टोचत? ताईला सांगणार होतो, पण तिचाच घसा बसलाय. "सर्दी आहे, डोकं खाऊ नकोस." भसाडे म्हटलं तर उशी फेकून मारली. नेम मात्र पक्का.

८ जानेवारी
बॅग भरली. जिथे रेघबिघ नाही अशा गावी जावं. दारातच ताईने पिशवी हातात कोंबली — "भाजी आण." आणली. बॅग पलंगाखाली तशीच.

१० जानेवारी
बाईंचा फोन! "अरे, घसा नाही, माझा प्रोग्रॅम फसत होता! त्या जागी निम्माच सूर धरायचा. मी स्वतः 'आ' केला तरी रेघ पडते." पळत गेलो. दुरुस्त केलेल्यावर गायलो. सरळ वर! खोलीत नाचलो, माइक पाडला, शिव्या खाल्ल्या. गोड लागल्या.

११ जानेवारी
ताईला ओढत नेलं. गंमत दाखवायला. "मला नको रे." "एकदाच आ कर ना, भसाडे!"

तिने केलं. रेघ उमटलीच नाही. नुसते ठिपके. सांडलेल्या साखरेसारखे.

"फसला परत तुमचा प्रोग्रॅम!" मी हसलो. बाई हसल्या नाहीत. वायर बदलली. माइक बदलला. मला गायला लावलं — अखंड रेघ. परत ताई — ठिपके.

बाईंनी हळूच विचारलं, "किती दिवस झाले?"

ताई माझ्याकडे बघत होती. "बरेच महिने."

"सर्दी म्हणालीस ना?"

"एकटीने डॉक्टरकडे जायची हिंमत होईना. म्हणून तर तुला बोलावलं, वेड्या."

१२ जानेवारी
दवाखाना. नर्सने तिचं नाव पुकारलं. ताईने तोंड उघडलं — नुसती हवा. मी ओरडलो, "आहे! इथे आहे!" अख्खा दवाखाना वळून बघायला लागला.