तीन वर्षं खुर्ची सांभाळ

२ सप्टेंबर २०१२, रविवार

क्रिस्पुलोने आज जेवताना सांगून टाकलं. नगराध्यक्षपदाची ही त्याची तिसरी खेप, चौथी कायद्यात बसत नाही. म्हणून तो आता खासदारकीला उभा राहणार, आणि नगराध्यक्षपदाला — मी. "तीन वर्षं खुर्ची सांभाळ, मिंदा. कागद मी बघीन, तू फक्त सह्या कर." माशाचे काटे काढता काढता. मला विचारलं नाही, कळवलं.

५ सप्टेंबर

पोस्टरचा नमुना आला. त्याचं डोकं माझ्या दुप्पट. बावीस वर्षं गणित शिकवलं, त्याचा कुठे उल्लेख नाही. 'ॲटर्नी सोलानोय यांच्या पत्नी.' बस्स.

९ सप्टेंबर

चर्चहून येताना बोदोय गाडीत होता. क्रिस्पुलोचा प्रचार तोच बघतो. म्हणाला, "मॅडम, भाषण नकोच. नुसतं हसा." क्रिस्पुलोही हसला.

हाच क्रिस्पुलो, गावावर पिढ्यान्‌पिढ्या सत्ता असलेल्या आर्सेनास घराण्याविरुद्ध, वकील म्हणून कोळ्यांचा खटला लढला होता. तीन वर्षं. फी म्हणून सुकट यायची. अर्ज मी टाइप करायचे, मांडीवर पोर घेऊन. पहिल्या निवडणुकीत चौकात ओरडून सांगितलं होतं त्याने — नगरपालिका म्हणजे कुण्या एका घराचं परसू नाही! मी रडले होते तेव्हा.

आज त्याला त्याची आठवण करून दिली. "ते चोर होते गं. आपण काम केलंय." खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटतं. तेच वाईट.

१४ सप्टेंबर

सकाळपासून म्हातारी कोळीण नांग उर्सिंग ओसरीवर बसून. कोळ्यांच्या खटल्यातली पहिली फिर्यादी तीच. हातात नोटीस: नव्या धक्क्यासाठी किनाऱ्यावरच्या झोपड्या महिनाअखेर हलवा. खाली सही क्रिस्पुलोची. दुसऱ्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोर्टातल्या तडजोडीचा कागद, किनाऱ्यावर राहू देण्याचा. "ॲटर्नींनीच मिळवून दिलेला. दाखवला की आठवेल त्यांना."

क्रिस्पुलो स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेला. मी सांगितलं, मीटिंगला गेलेत.

"गाडी मागून जाताना दिसली, बाई."

मी तांदळाची पेज दिली. खाल्ली, वाडगा स्वतः विसळून ठेवला आणि गेली.

१५ सप्टेंबर

भांडण. म्हटलं, कोर्टाचा कागद आहे तिच्याकडे. तो म्हणाला, "त्यात फट आहे. 'सार्वजनिक कामासाठी जागा लागेपर्यंत' असं लिहिलंय. मसुदा माझाच होता, मिंदा. फट कुठे आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत?"

बोलताना जराही खाली बघितलं नाही. वर म्हणतो, धक्का झाला की त्यांच्याच पोरांना नोकऱ्या.

मीच टाइप केली होती ती ओळ. विचार न करता.

२१ सप्टेंबर

सहा दिवस मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. त्याच्या लक्षातही आलेलं नाही.

२८ सप्टेंबर

झोपड्या पाडल्या. छत्री घेऊन गेले, लांब उभी राहिले. पोलीस आमचेच, शाळेत माझ्या हाताखालून गेलेले. एकाने नमस्कार केला. बांबू, पत्रे, जाळी, सगळं एका ढिगात.

नांग उर्सिंग स्वतःच्या दाराच्या फळीवर बसली होती. मला वाटलं, थुंकेल अंगावर. थुंकली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही उभ्या राहताय म्हणे. मतं तुम्हालाच देऊ. दुसरं आहे कोण इथं?"

टोमणा नव्हता. खरंच सांगत होती.

३ ऑक्टोबर

काल क्रिस्पुलोने वाजतगाजत अर्ज भरला. मी बाजूला उभी, नुसती हसत. माझा अर्ज शेवटच्या दिवशी, पाच तारखेला भरायचा, असं बोदोयने ठरवलंय. फोटो चांगले येतात म्हणे.

५ ऑक्टोबर

बोदोयला चकवून पहाटेच्या बसने प्रांताच्या राजधानीच्या गावी गेले आणि अर्ज दिला. नगराध्यक्षपदाचा नव्हे. कारकुनाने दोनदा विचारलं, "मॅडम, हा खासदारकीचा फॉर्म आहे. तिथे तर ॲटर्नी उभे आहेत ना?"

म्हटलं, "माहीत आहे. शिक्का मारा."