आतून लावलेली कडी

३ मार्च
पुन्हा ताईचं तेच, गोळी चुकवायची नाही! अगं, शेवटची चक्कर आली तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. बरा झालेल्याला औषध कशाला? बाकी इथं झकास आहे. कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर लागलो. वाफेत समोरचा माणूस नुसता ढग दिसतो. खोली दोघांत, जोडीदाराला सगळे ढोल्या म्हणतात. तो रात्रपाळीला, त्यामुळे पलंगाचं भांडण नाही.

७ मार्च
मुकादम म्हणाला, यंत्रावर डुलक्या काढतोस, हात सापडला तर शर्टाबरोबर घडी घालून देऊ. सगळे खिदळले. ही सुस्ती गोळीचीच. बंद केली. ताईला सांगायचं नाही.

१२ मार्च
सकाळी बघतो तर जीभ कडेनं फाटलेली, उशीवर रक्त. दंड ठेचल्यासारखे. अंथरूण ओलं, लिहायलाही लाज वाटते. झोपेत कुणीतरी बडवलंय. दुसरी किल्ली ढोल्याकडेच. विचारलं तर म्हणाला, तुला मारायचा पगार मिळत नाही मला.

१३ मार्च
आज आतून कडी घालणार. दाराला खुर्चीपण.

१४ मार्च
पुन्हा. ढोल्या बाहेरून दार ठोकत होता तेव्हा जाग आली. कडी तशीच. खुर्ची तशीच. खिडकीला गज. म्हणजे जो कोण आहे तो आतच —

१५ मार्च
औषधाच्या दुकानातल्या बाईंना जीभ दाखवली. त्यांनी आधी विचारलं, कुठली गोळी सोडलीस? म्हणाल्या, या फिट आहेत. मेंदूत ठिणग्या उडतात, गोळी त्या दाबून धरते, म्हणून तर बरा होतास. एकदम सोडली की जोरानं उसळतात. आता भरपाई म्हणून मनानं जास्त घेऊ नकोस. आजच डॉक्टर गाठ, सुस्तीचंही सांग, ते मात्रा बदलतील. तोवर यंत्रावर जायचं नाही, आतून कडी लावायची नाही. फिट येण्याआधी कधी बोट उडतं, नसलेला वास येतो; आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे जोडीदाराला सांगून ठेव.

बडवणारा मीच. माझ्याच अंगात —

दुपारी
डॉक्टरांनी चारला बोलावलंय. दार सताड उघडं. ढोल्या झोप मोडून समोर बसलाय. शिव्या घालतोय, पण बसलाय.

ताई, तुझंच खरं. तुला घरी पाठवायचे पैसे ढोल्याच्या हाती —
अंगठा आपोआप उडतोय. रबर जळल्याचा वास. ढोल्या म्हणतो, कसला वास —
ताई, पाठवतोय सहा हजार पाच