बसलेला बर्फ

बाबा, विमान मी स्वतः बांधलं. दोन सीटचं. पंखांच्या फासळ्या, त्यांवरचं कापड, सीटखालच्या पत्र्याच्या पेट्या, बर्फावर उतरायच्या लाकडी स्की, थंडीत इंजिनावर घालायची गोधडीसारखी जाड खोळ. सगळं इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या घराच्या गॅरेजमध्ये, सात वर्षांत, पुस्तकं वाचून. शिकवायला कुणी नव्हतं. तुम्ही होतात म्हणा, पण ते फार आधी. कॉलेज सोडून मी बस डेपोच्या वर्कशॉपात तुमच्या हाताखाली आलो, एक बेअरिंग ठोकलं आणि म्हणालो, "बसलं." तुम्ही ते तीनदा काढायला लावलंत. "बसलं म्हणजे हलता कामा नये. तुला वाटलं म्हणून बसत नाही ते." तेव्हापासून माझ्यापुरता त्या शब्दाला एकच अर्थ उरला.

तोच नडला. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत डोंगरापलीकडे एका मित्राच्या लाकडी घराकडे निघालो, मागच्या सीटवर तुमची सून. तिथली धावपट्टी म्हणजे झाडांमधला मोकळा पट्टा, ना दिवा ना माणूस. अशा ठिकाणी आधी स्की बर्फाला नुसत्या टेकवायच्या, तसंच वर जायचं आणि वळून आपल्याच खुणा बघायच्या: किती खोल गेल्या, काळ्या पडल्या का, म्हणजे खाली पाणी आहे का. मित्र पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. फोनवर म्हणाला होता, "ये यार, बर्फ मस्त बसलाय." मी ती फेरी गाळली. थेट उतरतोय. ढगाळ उजेडात पांढऱ्यावर पांढरं, जमीन किती खाली आहे ते कळत नाही. एकदम डावी स्की आत जाते आणि विमान नाकावर उभं राहतं. प्रॉपेलर मोडला. तिचं मनगटही. मित्र कमरेएवढ्या बर्फातून धडपडत आला. "अरे, सांगितलं होतं ना, केवढा बसलाय!" ही सीटच्या पट्ट्यात लटकत म्हणाली, "आता विमानही बसलं."

त्याचं बसणं म्हणजे साचणं. त्याची चूक नाही. तपासलं मी नाही.

तेव्हापासून, एखाद्या ठिकाणी कालच उतरलो असलो तरी आज फेरी मारतोच. तीही येते, मागे बसून खुणा मोठ्याने वाचते. गेल्या महिन्यात मित्र म्हणाला, "दर शनिवारी माझा एकेक पाहुणा आणून सोड. फक्त ती प्रदक्षिणा नको, लोकांना उलट्या होतात." माझं लायसन्स खासगी, पैसे घेऊन उडता येत नाही, असं मी त्याला सांगितलं. ते खरं आहे, पण नकाराचं कारण ती फेरी.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहितो: त्याने देऊ केलेला आकडा ऐकल्यावर मी आधी त्यात काय काय होईल याचा हिशोब केला. मग नाही म्हणालो. एका हिवाळ्याचे चौदा हजार डॉलर.