गल्ली क्र. ४१ ‘स्वयंदुरुस्त’ वर्गातून वगळण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
रस्ते वर्गीकरण व देखभाल विभाग,
महानगरपालिका

विषय : गल्ली क्र. ४१ ‘नादुरुस्त’ वर्गात घेण्याबाबत.
संदर्भ : आपली खुलाशाची नोटीस, दि. ११ फेब्रुवारी.

महोदय,

“सूनबाई, आपल्या दारावरून जाणाऱ्याला ठेच लागता कामा नये,” हे माझ्या सासूबाईंचे शेवटचे सांगणे. मी शब्द दिला. तेव्हापासून नऊ वर्षे रोज पहाटे, आंघोळ-प्रार्थना आटोपून, मी गल्लीतले खड्डे खडी-मातीने बुजवते. दुपारपर्यंत ट्रक ते पुन्हा उघडे पाडतात. हा माझा नेम आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एवढीच, की आपली मोजणीची गाडी सकाळी सातला येते. नुकत्याच बुजवलेल्या गल्लीला तिने शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले आणि दहा वर्षे डांबर नाही असे ठरले. दुपारी मोजा, असे मी कार्यालयात येऊन विनवले. टेबलावरचे भाऊ म्हणाले, “काकू, दुपारी गर्दीतून गाडी निघत नाही. तुम्हीच चार दिवस हात आवरा की!” तेवढ्यात कोणी पडले तर सासूबाईंना काय सांगू?

घरात सासऱ्यांना मणक्याचे दुखणे आहे. आठवड्यातून दोनदा चाकांच्या खुर्चीवरून दवाखान्यात न्यावे लागते आणि वेळ नेमकी दुपारची मिळते. प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटतात. ओरडत नाहीत, तेच मला जास्त लागते.

हे सारे मी खरे खरे लिहून दिले, तर आपण ‘स्वयंदुरुस्त’ असा नवा वर्गच काढलात. त्यात अद्याप एकटी आमचीच गल्ली आहे. शेजारीण म्हणते, “बाई गं, आता रजासुद्धा त्यांना विचारून घे!” मी हसले. आठवड्यात आपली नोटीस आली : दि. ८ व ९ रोजी देखभालीत खंड पडून गल्लीचे गुण तेवीस झाले, खुलासा करावा.

खुलासा : मला ताप होता.

महोदय, ते तेवीस गुण माझा कसूर नव्हेत. तीच आमची खरी गल्ली आहे. आपल्याच गाडीने, सकाळी सातलाच मोजलेली. तेच गुण कायम धरावेत आणि डांबर मंजूर करावे, ही हात जोडून विनंती.

पहाटेचे साडेपाच झाले. ताप उतरला आहे. आज सासऱ्यांचा दवाखान्याचा दिवस. खडी दुपारपर्यंत टिको न टिको, घमेले भरून ठेवले आहे, निघते.

आपली नम्र, व आपल्या यादीतली देखभाल,
(सही)
घर क्र. ६ ची सून
दि. १३ फेब्रुवारी

सोबत : तापाचा डॉक्टरांचा दाखला; दुपारी तीनचा खड्ड्याचा फोटो (आत खुर्चीचे चाक दिसते).