लेगेरे म्हणजे वेचणे

लालबाग,
९ फेब्रुवारी २०२४

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणतेस, म्हणून पत्र लिहितो. बाबांना जाऊन महिना झाला. तू चौथ्या दिवशी पोहोचणार होतीस, तरी मी अस्थी सावडायला थांबलो नाही. आनंदाकाका म्हणाले, तिसरा दिवस चुकवायचा नसतो, मुलगी नसली तरी चालतं. मी मान हलवली. मग तू आलीच नाहीस; तुझा राग बरोबर आहे.

तू शिकवलेलं लॅटिन बाबांनी वहीत उतरवलंय. संध्याकाळी गॅलरीत मोठ्याने ‘लेगो, लेगिस, लेगित’ म्हणायचे. दर्शना चिडवायची, बाबा नवीन आरती बसवताय वाटतं. शेवटच्या पानावर ‘लेगेरे’ लिहून पुढे जागा मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहायचं होतं?

राग असू दे, लोभही असू दे.

तुझा,
चिंतामणीदादा

रोम,
१ मार्च २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

लेगेरे म्हणजे वाचणे. पण तो नंतरचा अर्थ. मुळात वेचणे. फुलं, फळं, ऑलिव्ह. ग्रीकमध्ये याच मुळातलं क्रियापद आहे, तिथेही आधी वेचणेच. अक्षरं डोळ्यांनी वेचायची, त्यावरून वाचणे आलं असावं. एवढं मी बाबांना सांगितलं होतं.

एक अर्थ सांगितला नाही, कारण ते आजारी होते. रोमन लोक चितेतली हाडं वेचत, त्यालाही लेगेरेच म्हणत. घरची माणसं वेचत, बायकासुद्धा. हे मी इथल्या मुलांना दर वर्षी शिकवते, आणि माझ्या वडिलांचं मला काहीच वेचता आलं नाही.

दादा, थोडं मागे ठेवलं आहेस का? नसेल तर तसं लिही. वहिनीला सांग, आरती बाबांना चालीत जमली नसती.

तुझीच,
मनवा

लालबाग,
२० मार्च २०२४

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

अस्थी राहिल्या नाहीत. बाणगंगेला सोडल्या. खोटं कशाला लिहू.

मला सावडता येत नव्हतं. पायांकडून सुरुवात करायची, मी डोक्याकडून केली. काका सगळ्यांसमोर ओरडले. मग राखेत बाबांच्या मांडीतली सळी मिळाली, गिरणीतल्या अपघातानंतर बसवलेली. काका म्हणाले, लोखंड ते, टाकून दे. मी रुमालात गुंडाळून खिशात घातली. दर्शनालाही बोललो नाही. तुला सांगितलं नाही, कारण ती माझ्या एकट्याकडे राहावी असं वाटत होतं.

कपाटात आहे. रुमाल मी अजून उघडलेला नाही, राख तशीच असेल. पोस्टाने पाठवणार नाही. मे महिन्यात ये आणि रुमाल तूच उघड.

वाट पाहतो.

तुझा,
दादा