जीव तोडून

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गेल्या आठवड्यात औंधच्या मैदानावर मी मनात तुमच्याशीच भांडत होते. माझ्या शाळेतल्या पोरींचा खो-खोचा अंतिम सामना होता. हल्लीच्या पोरी म्हणतात, "आज ए-गेम द्यायचा, सगळं ओतायचं." तुम्ही म्हणायचात, "जीव तोडून खेळ." आणि मी खेळले होते.

कुंडलचा सामना अजून डोळ्यांपुढे आहे. खांबाजवळ माझा घोटा मुरगळतो, पाय सुजून बुटात मावत नाही. तुम्ही खाली बसून पट्टी करकचून आवळता. मी कळवळते, "सर, लय दुखतंय." तुम्ही वर न बघता म्हणता, "दुखू दे. पाय बरा हुतोय, फायनल परत येत न्हाई." मी पळाले, आपण जिंकलो, आणि गुलालात न्हालेले तुम्ही पलूसपर्यंत भेटेल त्याला सांगत आलात, "पोरगी न्हाई, वाघीण हाय." त्याच्याही कितीतरी आधी आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांना, आबांना, "हिला पळू द्या" असं ठणकावणारे तुम्हीच होतात. तुम्ही नसतात तर मी मैदान पाहिलंच नसतं, ते मी विसरलेले नाही. पण पाय बरा झाला नाही, सर. त्यानंतर मी कधी पळालेच नाही. आजही चालताना तो थोडा ओढावा लागतो.

औंधच्या त्या सामन्यात माझी सगळ्यात चपळ पोरगी सूर मारताना गुडघ्यावर पडली. शेवटचा डाव बाकी होता. लंगडत आली आणि म्हणाली, "मॅडम, पट्टी बांधा आन् सोडा मला." सुट्टीवर आलेले तिचे फौजी वडील दोरीपलीकडून ओरडले, "आवं मॅडम, एकच डाव हाय, खेळू द्या की!" मी म्हटलं, "न्हाई. बस खाली." तिनं हात जोडले, रडली. मी दुसरीला उतरवलं. आम्ही एका गुणानं हरलो.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, साधा मुका मार आहे, खेळली असती तरी चाललं असतं. आता गावभर बोलतात, मॅडमनी कप घालवला. बोलू देत. तिच्या गुडघ्याला काय झालंय हे त्या क्षणी मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्या घोट्याला काय झालंय हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही पट्टी बांधलीत, मी खाली बसवलं. उद्या तीच वेळ आली तर पुन्हा बसवीन, तुम्ही शिट्टी घेऊन समोर उभे असलात तरी. पोरींनी सगळं द्यावं, घाम द्यावा, जिद्द द्यावी. पण पुढचं सगळं आयुष्य एका डावावर लावायला मी सांगणार नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, ते मला कळतं. फक्त एक सांगते. काल ती पोरगी शाळेचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत धडाधडा उतरली. मला बरं वाटलं. आणि सर, तिचा हेवाही वाटला.