मोठे म्हणजे कोण

शेवगाव,
२१ जानेवारी २०२५

चि. रंगनाथ यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.,

कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्याची कड धरून मी उभी होते. न्यायाधीशांनी पुन्हा विचारले, कंपनीच्या कागदांवर सह्या करायला तुम्हाला कोणी सांगितले? मी पुन्हा म्हणाले, मोठ्यांनी. मागे कोणीतरी हसले. मोठ्यांचे वकील म्हणाले, या देशात मोठी माणसे पुष्कळ आहेत. मोठे म्हणजे कोण?

थोरले दीर, असे सांगितले. ते दोन होते, पैकी एक वारले, हे वकिलांना ठाऊक होते. मग मी म्हणाले, जिवंत आहेत ते. त्यावर सगळेच हसले. वकील म्हणाले, ही साक्ष आहे की उखाणा? खोटे बोलणाऱ्याचीच जीभ नावापाशी अडते. आरोपीकडे बोट दाखवावे म्हटले तर मोठे आलेच नव्हते. दिल्लीत कामे आहेत म्हणून त्यांना हजेरी माफ आहे.

मी कागद मागितला. लिहून देते म्हणाले. वकिलांनी तेही अडवले. साक्षीदार मुकी नाही, तिने बोलावे. न्यायाधीश भले वाटले. पुढच्या तारखेला नाव घ्या, नाहीतर साक्षीदार सांगू शकत नाही असे मला लिहावे लागेल, म्हणाले.

मोबाईलवर काही बोलू नकोस, असे योहान सरांनी बजावले आहे. सुनीलच्या दुधाच्या टेम्पोतून पत्र पाठवते. त्याच्याकडेच उत्तर दे.

लोभ आहे, तो आता पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आक्का,
पुष्पावती

सोनई,
२५ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
रंगनाथचा शि. सा. न. वि. वि.,

पत्र वाचून योहान सरांना दाखवले. फिर्याद त्यांची. मंत्र्यावर खटला चालवायची परवानगी मिळवता मिळवता त्यांचे केस गेले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, बाकीचे तिघे साक्षीदार फिरले. आता बाई एकट्याच. दिल्लीत ज्या मंत्रिपदाच्या खुर्चीवर बसून तुझ्या थोरल्या दिरांनी दूध पावडरीच्या कारखान्याला मंजुरी दिली, त्याच कारखान्याची मालकीण म्हणून कागदावर तू आहेस. तुझ्या तोंडून नाव आले तर मंजुरी देणारा आणि घेणारा एकच, हे सिद्ध होते. नाही आले तर साहेब सुटतील आणि आत जाशील तू. हे मी सौम्य करून लिहिलेले नाही.

आक्का, लहानपणी तू मला हाका मारून गाव गोळा करायचीस. रंग्या, रंगू, रंगनाथ, मेल्या. ती जीभ कुठे गेली?

एक सुचते. मायंबाला जाऊन ये. तिथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. तुझ्या भायांचे, या थोरल्या दिरांचे, नाव तेच. देवाचे नाव घ्यायला कोणाची आडकाठी? तिथे जीभ सैल कर, मग कोर्टात माणसाचे घे.

उत्तर लवकर यावे. माया आहेच, धीरही असू दे.
तुझा,
रंगनाथ

शेवगाव,
४ फेब्रुवारी २०२५

चि. रंगनाथ यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.,

मायंबाला जाऊन आले. पुजाऱ्याने पुकारा केला, लोकांनी मोठ्याने नाव घेतले. माझ्या वाट्याला फक्त जय आला.

तू हसशील. पण लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितले होते, घरातल्या थोर पुरुषाचे नाव बाईने घेतले की त्याचे आयुष्य तुटते. मी देवाच्या आरतीतसुद्धा तो शब्द गाळत आले. यजमानांचेही नाव कधी घेतले नाही. एकदाच घेतले. दवाखान्याच्या खिडकीशी विचारले, पेशंटचे नाव काय, तेव्हा. त्याच रात्री ते गेले. हे शहाणपणाचे नाही, मला कळते. कळून जीभ हलत नाही.

त्यांच्या तेराव्यालाच मोठ्यांनी पाटावर बसवून सह्या घेतल्या. वारस लावायचे आहेत, म्हणाले. मी डोक्यावरचा पदर सावरत सह्या केल्या. वर मान करून पाहिलेही नाही.

काल भावकीतल्या बायका आल्या. धाकट्या जाऊबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "आक्का, मानसाचं आयुष्य तुमच्या जिभंवर हाय. जपून ऱ्हावा." मी विचारले, आणि माझे? त्या म्हणाल्या, तुम्हाला काय, तुमचं झालंच की आता.

दिवसभर तेच कानात आहे.

आपली माया आहे तशीच राहो.
तुझी आक्का,
पुष्पावती

सोनई,
७ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.,

दाजींना हृदयाने नेले. खिडकीपाशी नाव सांगितलेस म्हणून त्यांचा केसपेपर निघाला आणि खाट मिळाली. मी तिथे होतो. नावाने त्यांना मारले नाही. एक रात्र दिली.

याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुझा,
रंगनाथ

शेवगाव,
१० फेब्रुवारी २०२५

चि. रंगनाथ यास,
आशीर्वाद.

उद्या तारीख. सकाळच्या एस.टी.ने निघते. मोठ्यांचा माणूस येऊन गेला. घर भायांच्या नावावर आहे, याची त्याने आठवण करून दिली. त्यालाही मी विचारले, कोणाच्या नावावर? तो नाव घेऊन मोकळा झाला. किती सोपे आहे बघ त्याला.

दोन लुगडी आणि यजमानांचा फोटो पिशवीत घातला आहे. तू कोर्टाच्या दाराशी उभा राहा. आत आलास तर मला तू लहान दिसशील आणि मी रडेन.

तुझ्यावर जीव आहे, एवढेच.
आक्का

*

(या पत्राच्या पाठीवर रंगनाथने लिहून ठेवले आहे.)

११ तारखेला सकाळी आक्का पिंजऱ्यात उभी राहिली. प्रश्न झाला. तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि नाव सांगितले. न्यायाधीशांना ऐकू गेले नाही. पुन्हा सांगितले. टंकलेखकाने विचारले, च्छिं कसा लिहू? आक्काने सांगितले, अर्धा च, त्याला छ, पहिली वेलांटी, वर टिंब. त्याने लिहिले. उलटतपासणीसाठी पुढची तारीख पडली. आक्का माझ्याबरोबर सोनईला आली.